जुन्या डब्याचा तळ

बाबा,

तुमचं यकृत शेवटपर्यंत ठणठणीत होतं. तुम्ही पिकल्या वयात, झोपेत, अंगाला काही न लागता गेलात. मी मात्र नागपूरच्या प्रयोगशाळेत अर्धं आयुष्य उंदरांची यकृतं कापत बसले. कशासाठी, हे तुम्ही एकदाही विचारलं नाही. गावात सांगायचात मात्र ऐटीत, "पोरगी मोठी डाक्टरीन झाली, उंदरं कापते." त्या प्रत्येक उंदरामागे तुम्ही होता, हे आज सांगते.

गडचिरोलीकडचं आपलं गाव तेव्हा चांदा जिल्ह्यात होतं. धान निघालं की त्याच बांधीत, म्हणजे धानाच्याच शेतात, जवस व्हायचा, आणि लागेल तसं तेली घाण्यावरून ताजं तेल काढून द्यायचा. घरात तेलाला तोटा नव्हता. तरी कायदा तुमचा. ताजा डबा तुमच्या आणि भावांच्या जेवणाला, मागच्या डब्यात उरलेलं आईला. जवसाचं तेल हवा लागली की लवकर बिघडतं. तळाशी ते चिकट होई, वास थेट सुताराच्या रोगणाचा. मी लाडकी म्हणून तुमच्याच ताटात जेवायला बसायची. आई सगळ्यांच्या मागून जेवायची, आणि पुष्कळदा तिच्या वाट्याला नुसती पेज यायची. ढिवराकडचे मासे आले तरी तिला रस्साच.

धान चुरायचे, मळणीचे दिवस आहेत. तुम्ही जेवताय, मी तुमच्या मांडीला टेकून बसलेय. आई मागाहून जेवायला आपल्या थाळीत भात काढून ठेवते, ताज्या डब्यातून पळीभर तेल काढते आणि तुमचा हात थांबतो.

"कोणासाठी काढून राह्यली?"

"माह्यासाठीच जी. जुनं लय खवट झालं. पोटात आग पडते."

"जुनं संपल्याबिगर नव्याले हात लावाचा नाई, सांगतलं होतं ना तुले?"

तुम्ही उठता, जुना डबा उचलता आणि तिच्या भातावर उपडा करता. भात तेलात बुडतो. "खाय. माह्यासमोर खाय." ती खाते. तुम्ही उभे आहात म्हणून बोटानं थाळीही पुसून घेते. मग तुम्ही परत पाटावर बसता, गरम भातावर ताजं तेल आणि तिखट-मीठ घालून कालवता आणि घास माझ्या तोंडात देता.

पुढं तिचे डोळे पिवळे झाले, पोट फुगलं. बांधीत जवस निळा फुलला होता तेव्हा ती गेली. "तिचं आंगच कमजोर होतं," असं तुम्ही लोकांना सांगितलंत. मला ते खोटं पाडायचं होतं. तुम्हाला खुनी ठरवायचं होतं, बाबा, पुराव्यानिशी.

म्हणून शिकले. खवट तेलातून आल्डिहाइड नावाची द्रव्यं निघतात. ती पेशीतल्या प्रथिनांना चिकटतात आणि त्यांना निकामी करतात. मी उंदरांना सडकं जवसाचं तेल पाजलं आणि ते मरायची वाट पाहिली. मला ते मरायला हवे होते. पोटभर खाणारे मेले नाहीत. यकृताच्या पेशीत ग्लुटाथायोन असतं, ते विषाला स्वतःला चिकटवून घेतं आणि बाहेरच्या वाटेला लावतं. त्यातून सुटलेल्या बऱ्याचशा विषाचं पेशीतली विकरं, म्हणजे एन्झाइम, साधं आम्ल करून टाकतात. पेशी हे काम कुरकुर न करता करत राहते. मला तिचा राग आला. इतकं कशाला सोसायचं?

पण ग्लुटाथायोन खर्ची पडतं, आणि नव्यानं बनवायला अन्न लागतं, डाळ, मासे, अंडी. ज्यांना मी उपाशी ठेवलं त्यांचा साठा उतरला. मग तेच विष पेशीच्या अंगावर आलं. तेव्हा मला तुमची पंगत आठवली. तेल तिच्या वाट्याला तुम्ही दिलंत, आणि ते पचवायचं बळ तुम्हीच तिच्या ताटातून काढून घेतलंत.

तरी तुम्ही सुटलात. काविळीला कारणं पुष्कळ, गावच्या पाण्यानंही ती होते. आईचं यकृत कोणी पाहिलं नाही, ते वैनगंगेच्या काठावर जळलं. तेलानं मारलं असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही, आणि शास्त्र शिकल्यावर खोटं बोलायची सोय उरत नाही. फार तर इतकंच म्हणेन की तुम्ही नीच होता. त्याला पुरावा लागत नाही, मी ताटात बसून पाहिलंय.

हा कागद कुठं पाठवायचा नाही. खरं तर आईला लिहायला हवं होतं, पण तिच्याशी काय बोलावं ते सुचत नाही. तुमच्याशी निदान भांडण आहे.

मागच्या आठवड्यात धाकट्या भावानं गावाहून जवसाचं ताजं तेल पाठवलं. मोरीत ओतायचं ठरवलं होतं. झाकण काढलं, वास आला. भात गरम होता. तिखट-मीठ घातलं आणि तुम्ही कालवायचात तसाच कालवला. चांगला लागला, बाबा. मी आणखी वाढून घेतला.