तिवरांतली वाट

युकातानचा किनारा, रविवार

एलिहियोदादा,

खरं तर नुसतं एलिहियो. 'दादा' म्हणायला आज जीभ वळत नाही.

काल आपल्या खाजणाकडे गेले, तर तोंडावरच्या तिवरांच्या फांद्या कोयत्याने साफ तोडलेल्या. बाबांनी तिथलं पानही कधी तोडलं नाही. होडीत उताणं पडायचं, हातांनी फांद्या धरत आत सरकायचं. वाट मागे आपोआप मिटायची. म्हणून तर टार्पन मासे तिथे निर्धास्त असायचे. ती वाट बाबांनी फक्त आपल्या दोघांना दाखवली होती.

आत हौशी पाहुण्यांना मासेमारीला आणणाऱ्या लॉजवाल्यांच्या होड्या. तू एका पाहुण्याला गळ भिरकावायला शिकवत होतास. गळाला आमिष म्हणून कोंबड्याच्या पिसांची खोटी माशी, मी तुझ्या वाढदिवसाला बांधून दिलेली. मला बघून म्हणालास, "अगं नेरेइदा, पाहुण्यांना आडवं करून कसं नेणार? टोप्या पडतात त्यांच्या!" सगळे हसले. तूही.

बाबा जन्मभर त्या खाजणात आडवे होऊन शिरले. तू परक्यांच्या टोप्यांसाठी वाट उघडी पाडलीस.

हे पत्र पाठवणार नाही. पाठवलं, तर तेही त्यांना दाखवशील.

आता तुझी कोणी नसलेली,
नेरेइदा