पाच रस्त्यांचा चौक

ती. दादास,
साठीत परदेशी कॉलेजात जाऊन बसलेल्या बहिणीचा नमस्कार.

मी मजेत आहे. गुडघेही बरे आहेत, म्हणजे चालतात.

"ही बाजारातून घरी येताना चुकते, हिला कॉलेजात कुठे पाठवता?" असं तू बाबांना म्हणालास आणि माझं शिकणं तिथेच थांबलं. पुढचं मी घरीच वाचून शिकले, पण ते वाक्य चाळीस वर्षं पदराला बांधून ठेवलंय.

आता वर्ग सुटला की रोज हे शहर पायाखाली घालते. वर्गातली पोरं रस्ता मलाच विचारतात.

रविवारी तू येतोयस. न्यायला मी येणार नाही. स्टेशनबाहेर पाच रस्ते फुटतात. पहिल्या दिवशी तिथे मी दोनदा चुकले, रडलेसुद्धा. तो चौक माझ्या खिडकीतून अख्खा दिसतो. तू तीनदा चुकलास की खाली येईन.

वहिनीचा खोकला थांबला का? आणि तू गुडघ्याला पट्टा बांधून ये, चालणं बरंच होईल.

चहा ठेवून खिडकीत बसलेली,
तुझी धाकटी