आतल्या खोलीची भिंत

पवनार,
१८ डिसेंबर १९५६

प्रिय रुख्मिणी,
अनेक आशीर्वाद.

सेलूहून पाठवलेलं तुझं पत्र मिळालं. सातवा लागला आणि चिंचा खाऊन दात आंबले, हे वाचून हसू आलं. लहानपणी चिंच पाहून नाक मुरडणारी तूच ना? इकडे कापसाची वेचणी चालू आहे. तुझे बाबा शेतात गेलेत, म्हणून भरदुपारी लिहायला बसले.

भादव्यात धाम नदीचं पाणी आपल्या परसात शिरलं होतं, ते तुला ठाऊकच आहे. पाणी ओसरलं, पण आतल्या खोलीची मागची भिंत काही सुकली नाही. आधी काळे ठिपके आले, मग हिरवट बुरशी. मी दर शनिवारी शेणमातीने पोतारत राहिले. दोन दिवस भिंत देखणी दिसायची, मग बुरशी पुन्हा हजर! ओल्यावर ओलंच चढवत होते, पण घर स्वच्छ ठेवायचं म्हणजे सारवायचं, एवढंच आपल्याला शिकवलेलं.

आश्विनात तुझी वहिनी मनकर्णा तिथेच बाळंत झाली. दुसरी खेप म्हणून ती सासरीच होती. वारा लागू नये म्हणून खिडकीत चिंध्या कोंबल्या, दाराला गोणपाट लावलं, सव्वा महिना शेगडी पेटती ठेवली. बाळाची छाती घरघरू लागली. दृष्ट काढून झाली. मनकर्णाचा खोकला ऐकून शेजारच्या आनंदाबाई तर क्षयाचं नाव काढून गेल्या. मग ती नालवाडीला माहेरी गेली, आणि थोड्याच दिवसांत मायलेकरू ठणठणीत. परत येऊन त्या खोलीत निजली, की पुन्हा तीच घरघर. वर्ध्याचे डॉक्टर म्हणाले, तिथे कुणालाही निजवू नका. आता ती दोघं या थंडीत ओसरीवर निजतात, कारण माजघरात कापूस भरलाय.

तुझ्या बाबांना सांगून माझं तोंड दुखलं. म्हणतात, "डॉक्टरले काय समजते? माहा जनम तिथंच झाला. माही पोरगी पयल्या बाळंतपणाले सासरी राह्यली तं लोक माह्याच तोंडात शेण घालतीन." आणि तुझ्यासाठी त्यांनी स्वतः भिंतीला चुना लावला, नवी बाज विणली. खोली पांढरीशुभ्र दिसते. काल मी चुन्यावर तळहात ठेवला, तर हात ओला झाला. मला रडूच कोसळलं.

येत्या रविवारी ते दमणीला बैल जुंपून तुला न्यायला येतील. रुखमे, येऊ नकोस. तुझ्या सासूबाईंना हे पत्र वाचून दाखव, त्या समजूतदार आहेत. बाबांना सांग, आईनेच नको म्हटलंय. रागावले तर माझ्यावर रागावू देत. तुझं बाळंतपण करायला मीच सेलूला येते. नातवंडाचं तोंड पाहीपर्यंत लेकीच्या घरचं पाणीही पिऊ नये, म्हणतात. मी पिईन, जेवीनही. तू मात्र त्या दमणीत बसू नकोस.

तुझीच,
आई