शंभरपट आशा

औरंगाबाद, २ नोव्हेंबर १९४४

ती. तात्यांच्या चरणी मनकर्णाचे शि. सा. न. वि. वि.

दोन वर्षं तुम्ही घेताय तो ३१२ आकडा सोडतीत कधी लागेल, असं विचारलंत. मला सांगता येत नाही. गणितात पदवी घेऊनही येत नाही, आणि जो सांगेल तो फसवतोय असं समजा. शेटजींच्या रांजणात पाच हजार चिठ्ठ्या, त्यातली एक निघते. मागच्या महिन्यात काय निघालं ते रांजणाला आठवत नाही. एका तिकिटाची आशा पाच हजारांत एक. शंभर घेतली तर ती शंभरपट होते. पण पाचही हजार घेतलीत तर बक्षीस नक्की लागेल आणि तरीही तीन हजार बुडतील. तिकीट निजामाच्या एका हाली रुपयाचं, बक्षीस दोन हजारांचं. त्यापेक्षा त्या रुपयाची माईला चहाची पुडी आणा, ती तरी दर वेळी लागेल!

शाळेतल्या मुली आता मला घाबरत नाहीत. डोक्यावरचा हात असाच राहू द्या.

तुमची,
मनकर्णा

पैठण, १० नोव्हेंबर

चि. मनकर्णास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र गल्लीत मोठ्यानं वाचलं. सगळे मागकरी जमले होते. शंभरपट ऐकल्यावर कुणी जागचं हललं नाही. शौकत म्हणाला, आपण येडे, एकेक तिकीट घेत बसलो, पोरीनं रस्ता दाखवला. बुडण्याचंही मी वाचलं. पण आपण कुठं पाचही हजार घेतोय, ते सगळी घेणाऱ्याला लागू, असं सगळ्यांचं मत पडलं. मिळून दोनशे घेतली. शौकतनं त्यासाठी पैठणीचा माग विकला. मी अडवलं, तर म्हणाला, बन्सी, तुझ्याच लेकीचा हिशेब हाय, तुला भरवसा नाय व्हय? मग मी पुढं अडवलं नाही. खोटं कशाला लिहू, छाती फुगली होती.

अमावास्येला सोडत आहे. माई लई आठवण काढते. आमच्यावर जीव असू दे.

तुझा,
तात्या

पैठण, २० नोव्हेंबर

चि. मनकर्णास आशीर्वाद.

दोनशेपैकी एकही लागलं नाही. लासूर स्टेशनच्या एका दुकानदाराला लागलं. त्याचं एकच तिकीट होतं म्हणे. शौकत दिवसभर मागाच्या रिकाम्या खड्ड्यात पाय सोडून बसतो, विणायला बसल्यागत. त्याची बायको ताहेरा ताट ठेवते, तसंच उचलते.

आता तो म्हणतो, एकदा हुकलं, पुढच्या अमावास्येला यायलाच पाहिजे. घर विकून पाचशे तिकिटं घ्यायची. गिऱ्हाईक ठरलंय. घर ताहेराला तिच्या बापानं दिलेलं, म्हणून कागदावर अंगठा तिचा लागेल. ती म्हणते, मनकर्णा सांगेल तसं करीन. शौकतही तुझ्याबिगर कुणाचं ऐकत नाय. लवकर लिही पोरी. पत्र वाचून दाखवलं ते मी.

तुझा,
तात्या

औरंगाबाद, २६ नोव्हेंबर

ती. तात्यांस शि. सा. न. वि. वि.

तुम्ही वाचून दाखवलंत, पण लिहिलं मी. आणि त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं, याचाच मला त्रास होतो.

पाचशे तिकिटं म्हणजे दहात एक. दहापैकी नऊ वेळा ती दोघं रस्त्यावर येतील. पण हे लिहिलं तर शौकतचाचा त्यातला 'एक' तेवढा ऐकतील. खरं गणित कसं ऐकलं जातं ते मी एकदा पाहिलं.

म्हणून ताहेराखालाला मी उर्दूत पत्र लिहिलं. गल्लीतले मोहियोद्दीन मास्तर ते वाचून दाखवतील. मी स्वतः चौकशी केली आणि पैठणच्या तिकिटांच्या चिठ्ठ्या रांजणात पडतच नाहीत, असं त्यात आहे. तात्या, हे खोटं आहे. मी कसलीही चौकशी केली नाही. सोडत चोख असावी. चोख असूनच ती दर महिन्याला तीन हजार उचलून नेते. शेटजींनी दावा लावला तर माझ्याकडं पुरावा नाही, आणि नोकरी राहणार नाही. मुलींना खरं बोला म्हणून सांगताना काल माझाच आवाज मला ऐकवेना.

गल्लीत कुणी विचारलं तर तुम्ही मला खोटं पाडू नका. खरं सांगितलंत तर घर जाईल. माईलासुद्धा सांगू नका.

तुमचा सल्ला घ्यायला हवा होता, पण तुम्ही नको म्हणाला असतात आणि मी ऐकलं असतं. पत्र परवाच रजिस्टर डाकेनं रवाना केलं आहे.

रागावलात तरी आशीर्वाद थांबवू नका.

तुमची,
मनकर्णा