नकाशातली अर्धी जीप

कुंडल, ता. पलूस
गुरुवार, २२ जानेवारी

चि. सम्मेद यास शालनमामीचा जय जिनेंद्र आणि पोटभर आशीर्वाद.

तू, ब्राह्मी आणि बाळ खुशाल असाल असं धरून चालते. खुशाल नसतास तर फोन उचलला असतास. खुशाल माणूस मीटिंगमध्ये असतो. माझंही बरं आहे. गुडघे जिना सोडून बाकी सगळीकडे साथ देतात. यंदा थंडी पुष्कळ आहे. वाचनालयातली नवी पुस्तकं संपली म्हणून जुनी परत वाचते आहे, आणि काही पुस्तकं मधल्या काळात सुधारलीत असं वाटतं (की मी म्हातारी झाले, ते त्यांना विचारायला हवं).

पत्र कशाला, असं तू म्हणशील. पत्र बाळासोंच्या आग्रहावरून आहे. आपले शेजारी बाळासो, पश्चिमेकडचे. ते आत्ता माझ्यासमोर बाजेवर बसले आहेत, दुसरा चहा चालू आहे, आणि प्रत्येक पान झालं की हात पुढे करून वाचून घेतात. फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं, कागद टेबलावर पडून राहतो, असं त्यांचं मत आहे. आपली स्वप्नाली शनिवारी पुण्याला येणार आहे, तिच्याबरोबर हा कागद आणि तिळाच्या वड्या पाठवते. वड्या आधी खाऊ नकोस, नाहीतर वाचायचं राहील.

तर बाळासोंची अडचण अशी. त्यांच्या थोरल्याचं पाटणच्या एका घरी जमत आलं होतं. पत्रिका बघून झाली, मुलगा-मुलगी बोलून झाली. मग मुलीच्या चुलत्यांनी फोनवर नकाशा उघडून वरून घर बघितलं. बाळासोंनी दुमजली बंगला म्हणून सांगितलेलं, आणि नकाशात त्या जागी गोठा! शेजारी उकिरडा, तोही चांगला ठळक. बंगला गेल्या दिवाळीत पुरा झाला आणि चित्र त्याच्या आधीचं, हे त्यांना पटेना. बाळासोंनी बंगल्याचे फोटो पाठवले. त्यावर चुलते म्हणाले की फोटो कुणाच्याही बंगल्याचा काढता येतो, पण हा आकाशातून काढलेला आहे. आकाशाला खोटं बोलून काय मिळणार?

तेव्हापासून बाळासो रोज येतात. “आवं वहिनी, तुमचा भाचा वरच असतोय न्हवं? त्येला म्हणावं, एकदा खाली वाकून बग की!” तू वर नसतोस, बाणेरला नकाशाच्या कंपनीत तिसऱ्या मजल्यावर असतोस, हे मी त्यांना सांगितलं. तिसरा मजला म्हणजे वरच की, असं म्हणाले.

मला जेवढं कळलं तेवढं मी त्यांना समजावलं (दिवाळीत तू सांगितलेलं आणि बाकी वाचून काढलेलं, चुकलं असेल तर मास्तरकी न करता कळव). उपग्रह आपल्यावरून जातो तो बहुतेक सकाळी साडेदहाच्या सुमारास. रोज आपल्यासाठी थांबत नाही. पावसाळ्यात खाली नुसते ढग, म्हणून ते फोटो बाद. काही देशांत शहरांवरून विमान फिरवतात, तेही शेत नांगरल्यासारखं, या टोकाकडून त्या टोकाकडे, नांगराचं एक तास दुसऱ्याला थोडं चाटून. सांगलीसारख्या शहराचं चित्र लवकर बदलतं, कारण तिथं बघणारे जास्त. कुंडलची पाळी येईपर्यंत गोठ्याचा बंगला होतो, आणि लग्न मोडतं.

हे सगळं मी शेजारच्या अंबूबाईंच्या देखत सांगितलं, तीच माझी चूक. त्यांनी त्यातलं फक्त ‘वरून दिसतं’ एवढंच घेतलं. दुसऱ्या दिवशी परसातल्या मोरीवर ताडपत्री. सकाळी साडेदहाला त्या अंगणातही येईनात, आणि आल्याच तर डोक्यावरून पदर घेऊन, वर न बघता, भरभर. पुढं त्यांच्या गच्चीवरचे सांडगे कुणीतरी पळवले, तेव्हा मात्र ताडपत्री काढून माझ्याकडे आल्या. “एवढा वरनं बगत बसतोय, मग चोर कोण त्ये सांगाया काय होतंय त्येला?” मी सांगितलं की ती राखण नाही, तो फोटो आहे, आणि फोटो त्या दिवशीचा असेलच असं नाही. त्या म्हणाल्या, मग उपयोग काय त्याचा? (सम्मेद, हा प्रश्न तुमच्या कंपनीत विचारून बघ.)

शेवटी मी वाकळ आणून दाखवली. म्हटलं, बघा, ही एक वाकळ. हा तुकडा माझ्या लग्नातल्या शालूचा, हा यांच्या धोतराचा, हा स्वप्नालीच्या झबल्याचा. अंगावर घेतली की एकच वाटते, पण प्रत्येक तुकडा वेगळ्या सालचा. नकाशाही तसाच शिवलेला असतो. पश्चिमेचा तुकडा जुना, पूर्वेचा नवा, आणि मध्ये शिवण. नीट बघितलं तर एकीकडे ऊस उभा असतो, आणि शिवणीपलीकडे त्याच उसाचं पाचट झालेलं असतं. बाळासोंना हे एकदम पटलं. फक्त त्यांचा तुकडा जुन्या धोतराचा निघाला, एवढंच त्यांचं दुःख.

आणि शिवण गेली आहे ती नेमकी आपल्या अंगणातून. त्यामुळे आपली जीप नकाशात अर्धी आहे. बॉनेट आणि पुढची काच जुन्या तुकड्यात, मागचा भाग नव्यात, आणि नव्या तुकड्याच्या वेळी जीप विकून झालेली. बॉनेट आहे आणि त्याच्या मागे नुसती माती. स्वप्नालीनं दाखवलं तेव्हा मी हसले, मग गावच हसलं. दळण आणायला गेले तरी लोक विचारतात, “काकू, अर्धी कडेगावच्या गड्याला इकली, अर्धी ठिवली का?” तू त्याच जीपवर शिकलास आणि पहिल्याच दिवशी फाटकाचा खांब पाडलास, तेव्हा तुझ्या मामांनी खांबच चुकीच्या जागी होता असं जाहीर केलं होतं. त्या जीपची ही दशा.

तेव्हा बाळासोंच्या वतीनं विनंती की कुंडलचं चित्र लवकरात लवकर नवं करावं. आकाश सध्या स्वच्छ आहे. बंगला आकाशी रंगाचा आहे, ओळखायला सोपा. माझ्या जीपची काळजी करू नये. जुन्या वस्तूत जीव गुंतवून बसणाऱ्यांतली मी नाही.

ब्राह्मीला आशीर्वाद, बाळाचा पापा.

तुझी मामी,
शालन

ता. क. बाळासो वाचून, मान डोलावून गेले. आता खरं लिहिते. घाई करू नकोस. पाटणच्या मंडळींना मी स्वतः फोन केला आहे, रविवारी जेवायलाच बोलावलं आहे. बंगल्याला हात लावून बघतील. बाळासोंना हे रविवारी सकाळीच सांगणार आहे, नाहीतर उकिरड्यालाही रंग देतील.

आणखी एक. मी वाकळी शिवते, त्यामुळे मला एवढं माहीत आहे की शिवणीपाशी कापड संपत नाही. ते आत दुमडलेलं असतं. तुमच्याकडेही जुन्या तुकड्याचा पूर्वेकडचा भाग असाच दुमडून कुठंतरी ठेवलेला असेल. तो मला बघायचा आहे.

कारण सांगते. जुन्या तुकड्यात जीप अंगणात आहे, आणि कडुनिंबाची सावली जनावरांच्या हौदाला टेकली आहे. मी या आठवड्यात चार दिवस उभी राहून बघितलं, सावली तिथं साडेदहाला येते. म्हणजे दिवस जानेवारीतले. पण तुझे मामा आठला पलूसला दुकानात जात ते दिवस मावळायच्या आत जेवायला परत येत. पंचवीस वर्षांत साडेदहाला जीप अंगणात मला एकदाच आठवते. ते जायच्या महिनाभर आधी, संक्रांतीनंतरच्या गुरुवारी (ते गेल्यावर जीप त्याच साली विकली). त्या दिवशी निघायलाच साडेनऊ झाले होते, आणि वाटेतून परत आले. चष्मा राहिला म्हणाले. मी लाल वाकळ धुऊन कुंपणावर टाकत होते. ते पायरीवर बसले आणि तासभर इकडचं तिकडचं बोलत राहिले, पावसाचं, तुझ्या नोकरीचं, कडुनिंबाच्या फांद्या छाटायचं. मी अर्धं ऐकलं. वर म्हटलं, उठा आता, गिऱ्हाइकं खोळंबली असतील. उठले. गेले. चष्मा खिशातच होता, ते फाटकातून जाताना मी तो बघितला.

तेव्हा काही दुखत होतं का, हे मी विचारलं नाही. ते आता कुठल्याच फोटोत कळणार नाही, इतकं मलाही समजतं. पण तो दिवस तोच आहे का, एवढं कळलं तर पुरे. पायरी आणि कुंपण शिवणीच्या पलीकडे आहेत. कुंपणावर लाल चौकोन दिसला तर तोच दिवस. तेवढं बघून मला कळव, मग खुशाल नवं चित्र लावा.

इतक्या उंचावरून माणूस दिसत नाही, फार तर ठिपका, असं तू म्हणाला होतास. ठिपका चालेल. दोन असतील तर वाकळीजवळचा मी.