रुमालाखालचं खरं

१६ नोव्हें., सुरत
सरावात समोरच्या पोराची दोन डोकी दिसली. ठोसा नेमका नसलेल्या डोक्याला मारला. कोच सरांनी विचारलं, "ठीक?" म्हटलं, "ठीक." तोंडातून दुसरं काही निघतच नाही. मागच्या फाइटलाही प्रत्येक राउंडनंतर मी म्हणे "ठीक"च म्हणत होतो. चॅम्पियनचा बेल्ट राखला. शेवटचे राउंड मात्र आठवत नाहीत. हे सरांना माहीत नाही.

२० नोव्हें.
डॉक्टरकडे गेलो. अर्धंच सांगितलं. रिपोर्टात काही नाही. डॉक्टर म्हणाले, "पण त्रास वाटला की त्याच क्षणी थांबायचं. ते तुम्हालाच कळणार, मशीनला नाही." इथेच तर घोडं अडतं. फाइट जानेवारीत. हरियाणाचा पोरगा, वयाने बराच लहान. बेल्ट गेला तर या वयात परत संधी कोण देतो. आणि बेल्ट नसलेला मी कसा असतो, तेच आठवेना. भीती वाटते. लिहून टाकलं.

८ डिसें., सारंगखेडा
यात्रेसाठी गावाकडे आलोय. आबा, माझे वडील, वर्षभर शेतकरी, यात्रेत घोड्यांचे दलाल. आज एक सौदा जवळून पाहिला. घोड्याचा मालक "नही देवानं" म्हणून गाव गोळा करत होता, आणि रुमालाखाली त्याची बोटं आबांच्या हातात दाबून भाव सांगत होती. सौदा झाला. कसं ओळखलं, विचारलं. आबा म्हणाले, "तोंड खोटं बोलस. बोटे नही बोलतस."
घरच्यांनी जिलबी खाल्ली. मी वजनापायी वासावर भागवलं.
परतताना मोटरसायकलवर आबांना सगळं सांगून टाकलं. दोन डोकी, हरवलेले राउंड, सगळं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, फक्त वेग कमी केला. म्हटलं, माझ्या कोपऱ्यात बसा. राउंड संपला की टॉवेलखाली हात धरा. मी काय दाबतो ते खरं माना. नको वाटलं तर टॉवेल रिंगमध्ये टाका, फाइट थांबते.
"माले त्यामा काय कळस?" घर आल्यावर म्हणाले, "पन एकदाव दाबं का मांगे लेवानं नही." म्हटलं, नाही घेणार मागे.

१५ डिसें., घरी
अंगणात तालीम. मी स्टुलावर, आबा समोर उकिडवे, मांडीवर टॉवेल. सगळं झकास जमत होतं. मग ग्लोव्ज घातले. आबांनी टॉवेलखाली चाचपून पाहिलं. "बोटे कोठे शेतस रे?" इतक्या वर्षांचा चॅम्पियन, माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. बायको वैशाली हसता हसता चहा सांडून बसली.
शेवटी गुडघे. त्यांचा हात माझ्या दोन गुडघ्यांमध्ये. एकदा दाबलं, ठीक. दोनदा, दमलो. दाबून धरलं की बस, थांबवा. वैशाली हसायची थांबली, आत निघून गेली.

२२ डिसें., सुरत
सरांना सांगितलं. चिडले, लपवल्याबद्दल. मग नवीन तपासण्या. त्यातही काही नाही. सर म्हणाले, आबा कोपऱ्यात बसतील, त्यांनी टॉवेल टाकला तर मी वाद घालणार नाही. माझ्याकडे न बघता म्हणाले.
त्यानंतर सरावात डोकं एकच दिसतंय. बहुतेक वेळा.

४ जाने., फाइटचा दिवस, हॉटेल
वजन बरोबर. हरियाणाचा पोरगा माझ्या पाया पडला. चांगला वाटला, त्याचंच वाईट वाटलं.
आबांनी नवा पांढरा सदरा घातलाय. यात्रेला घालतात तसा. दुपारी म्हणाले, एकदाव देखी लेऊत. मी पलंगाच्या कडेला बसलो. ते समोर उकिडवे, टॉवेल टाकला, हात गुडघ्यांमध्ये घातला.
"कितला?" भाव विचारावा तसं विचारलं.
"ठीक," मी म्हटलं. हसतच म्हटलं.
आणि गुडघे मिटले. मी मिटवले असं म्हणवत नाही. मिटले, आणि सुटेनात. आबा माझ्या तोंडाकडे बघत होते, मी त्यांच्या सदऱ्याच्या गुंडीकडे.
त्यांनी हात काढून घेतला. टॉवेलची घडी केली, खांद्यावर टाकली आणि सरांच्या खोलीकडे निघाले. जिना हळू उतरतात, गुडघे दुखतात त्यांचे. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.
मारली नाही.