टेबलाखालची वकीलबाई

प्रिय नकाशेबुवा,

या नावाने हाक मारायचा हक्क मला राहिलाय की नाही, कोण जाणे. पण तुझं खरं नाव लिहायला घेतलं की अर्ज लिहितेय असं वाटतं. तेव्हा हेच असू दे.

वकीलबाई कशी आहे, असं तू दोनदा फोनवर विचारलंस. दोन्ही वेळा मी सांगितलं, मजेत आहे, तुला विसरलीसुद्धा. ते साफ खोटं होतं. तू नकाशे आणि दिवा घेऊन गेलास त्या दिवसापासून तुझी ही सयामी मांजर तुझ्या रिकाम्या टेबलाखाली बसून आहे. मी सकाळी दातांच्या कवळ्या बनवायला कामावर जाते आणि संध्याकाळी येते, तेव्हा तिचा आवाज खालच्या जिन्यापर्यंत येत असतो. सरळ म्याव तिने कधी केलंय? तान्ह्या मुलासारखं रडते, घसा फोडून. तू घरी बसून नकाशे काढायचास तेव्हा दिवसभर तुमचा वाद चालायचा. तुझं एक वाक्य, तर तिची दोन. म्हणून तर वकीलबाई. दाराच्या कडीला लोंबकळून दार उघडायची, आंघोळीलाही तुला एकट्याला सोडायची नाही आणि मी तुझ्या शेजारी बसले की नेमकी मधे घुसायची. सवतच आणलीस, असं मी हसत म्हणायचे. ते हसणं वरवरचं होतं.

गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका खाली आल्या. दारातूनच म्हणाल्या, बाळाला कोंडून कामावर जाता, जीव होतो तरी कसा तुमचा? मी त्यांना आत नेऊन मांजर दाखवली. बिचाऱ्या ओशाळल्या, तीनतीनदा माफी मागून गेल्या. त्या गेल्यावर मी दाराला पाठ लावून खालीच बसले. आपण दोघं हॉस्पिटलमधून रिकाम्या हातांनी परत आलो होतो, हे त्यांना कुठून माहीत असणार? त्यानंतर दोनच महिन्यांनी तू हिला शर्टाच्या आत घालून आणलंस. ती पहिल्यांदा रडली तेव्हा ऐकू येऊ नये म्हणून मी मोरीत जाऊन नळ सोडून दिला होता. तू तिच्याशी बोलत राहिलास. माझ्याशी बोलायचं मात्र राहूनच गेलं. मीही बोलले नाही. आपण भांडलो ते ओल्या टॉवेलावरून, उघड्या राहिलेल्या खिडकीवरून.

तुझा दुसरा फोन आला तेव्हा माझे हात साबणाचे होते, म्हणून स्पीकर लावला. तुझा आवाज ऐकताच ती उडी मारून ओट्यावर आली. फोन पंजाने उलटा केला, त्याच्याखाली पाहिलं, मग कपाटामागे, मग दाराशी. दोन दिवस ती दारातून हलली नाही. त्यानंतर मी तुझे फोन उचलले नाहीत. तुला वाटलं असेल, राग.

आता तिने खाणं सोडलंय. पोटावरचे केस चाटून चाटून काढलेत. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, म्हणाल्या, आजार काही नाही. काही सयामी मांजरं एकाच माणसाला जीव लावतात, तो दिसेनासा झाला की खंगत जातात. हिचं माणूस कोण? मी म्हटलं, मीच. त्यांनी माझ्यापासून लांब, टेबलाच्या टोकाला सरकून बसलेल्या तिच्याकडे पाहिलं आणि भुकेचं औषध लिहून दिलं.

जाताना तू फक्त तिला मागितलं होतंस. मी नाही म्हटलं, ते मायेपोटी नव्हे. तुझ्या हातून काहीतरी हिसकावून घ्यायचं होतं. शिवाय, तिच्यासाठी का होईना, एक दिवस तू दार वाजवशील असंही वाटत होतं. त्यापायी चार महिने मी तिला झिजताना पाहिलं. रविवारी सकाळी ये आणि तिला घेऊन जा. पिंजरा, औषध, डॉक्टरांचे कागद सगळं काढून ठेवलंय. मी घरीच असेन. बोलायचं असेल तर बोलू, नसेल तर नको. पण उशीर करू नकोस. काल तिने पहिल्यांदाच माझ्या बोटावरचे दोन घास चाटून खाल्ले, आणि तिला ठेवूनच घ्यावं असं वाटून आज सकाळी हे पत्र मी एकदा फाडून टाकलं होतं; हे पुन्हा लिहिलेलं.

लिहायला हात धजत नाही, तरी
तुझीच